दोन पिनांची नोटीस

वारज्यातल्या प्राण्यांच्या दवाखान्यात अक्षता मांजरीची टोपली मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी एक आजी-आजोबा येऊन टेकले. त्यांच्याबरोबरचा धिप्पाड कुत्रा बसल्या बसल्या आजोबांची चप्पल चघळायला लागला.

"अहो, चप्पल सोडवा."

"राहू दे. तिसरा जोड आहे."

"जिन्याचं दार कुरतडलं, कुंड्या पाडल्या, पेपरवाल्याच्या मागे लागला. तेव्हाच म्हटलं होतं, भाडेकरूला समोर बसवून सांगा, कुत्र्यासकट घर सोड म्हणून."

"समोर कशाला? लेखी दिलं ना."

"दाराखालून सरकवून! राकेश खराडीला ऑफिसात, घरात हा वॅफल एकटा. खाल्लीन नोटीस."

"पाकिटासकट."

"पिन होती आत?"

"दोन. कराराची प्रत जोडली होती."

"खोकताना ऐकला म्हणून बरं. आणि दुसरी किल्ली आपल्याकडे होती."

"हं."

"राकेशला कळवलंत?"

"कळवलं. निघालाय. काय खाल्लं, ते नाही सांगितलं."

"आता नोटिशीचं काय?"

"पुन्हा लिहीन. बघू."

"लिहिलीत तर डिंकानं चिकटवा."

काउंटरवरून हाक आली, "वॅफल परचुरे कोण?"

आजींनी आजोबांकडे पाहिलं.

"आपलं आडनाव?"

"फॉर्मवर रकाना होता. रिकामा कसा ठेवणार?"

"उठा. आणि पट्टा माझ्याकडे द्या, तुम्ही ओढता."