लाइट गेल्यावर विझलेलं खेळणं

बिनबॅटरीच्या खेळण्यानं माझं कसं हसं केलं, ते तुम्हाला सांगायचंच राहिलं. कामतघरला आमच्या खोलीखालीच कापड विणायच्या लूमचा कारखाना आहे, वर त्या खोलीतच मी ते बनवत होतो. तांब्याच्या तारेच्या गुंडाळीत स्प्रिंगला एक लोहचुंबक टांगलं होतं. ते हललं की वीज तयार होऊन छोटा एलईडी लागायचा. गंमत म्हणजे टेबलावर नुसतं ठेवलं तरी माझा एलईडी मिणमिणत राहायचा. मला वाटलं, आपण भारीच शोध लावला!

लगेच ठाण्याच्या एका खेळणीवाल्या शेठला बोलावलं.

"हात न लावता पेटतं?" त्यानं विचारलं.

"आपोआप! शेठ, लाइट गेली तर उजेडाला हेच ठेवायचं."

मी हे म्हणतोय तोवर खरंच लाइट गेली. पंखा थांबला आणि खेळणंही विझलं.

शेठनं वाकून टेबलाखाली पाहिलं. "वायर कुठे लपवलीय?"

"आईशप्पथ, वायर नाहीये."

"मग लाइट गेल्यावर हे का विझलं?"

शेठच स्वतःच्या पायांकडे बघत म्हणाला, "आल्यापासून तुमची फरशी थरथरत होती. ती आता थांबली ना?"

खाली सगळे लूम बंद पडले होते. जन्म त्या फरशीवर गेला, आणि ती हलते हे मला ठाण्याच्या माणसानं सांगावं!

मग शेठनं खेळणं हातात घेऊन हलवलं. एलईडी झकास पेटला.

"माल चांगलाय," तो म्हणाला. "फक्त हातानं हलवा, असं वर लिहा. नाहीतर गिऱ्हाईक खोक्यात लूम शोधत बसेल."