हरणीच्या पाठीवरचा आठ

साळावला तरीची, खाडीपार नेणाऱ्या होडीची, वाट पाहताना मागच्या दोघांचं बोलणं कानावर येत होतं. दयाराम उद्या अलिबागेत होणाऱ्या घोडेस्वारांच्या भरतीला निघाला होता आणि त्याला घोड्यावर बसायला शिकवणारे म्हातारे इस्माईल उस्ताद सोबत होते.

“उस्ताद, माज्यानं न्हाय व्हनार. परत जाऊ या.”

“अरे, महिनाभर वाळूत आठाचा आकडा गिरवलास की घोडीवरून!”

“मी न्हाय, हरणीनं गिरवला. तिला वाट पाठ हाय. मी नुस्ता बसून व्हतो. उद्याचं घोडं अनोळखी. पडलो तं पाय मोडंल.”

“हरणीच गिरवते, मालूम आहे.”

“मालूम व्हतं, तं बोललात का न्हाय?”

“आज सकाळी मी तुला सुरुवात कुठून करायला लावली?”

“डावीकडनं. रोज उजवीकडनं करतो.”

“बारा वर्षांत हरणी डावीकडून कधी निघाली नव्हती.”

“म्हनून उजवीकडं वढत व्हती! लई भ्यालो. वाटलं, आता आपटते.”

“मग?”

“मंग वळली.”

“कुणी वळवली?”

होडी काठाला लागली, तसं दयारामनं बोचकं उचललं.

“उस्ताद, उद्याचं घोडं दोन्हीकडं वळायला न्हाय म्हनलं तं?”

“म्हणेलच. चल, बस तरीत.”