बेटावरची नर्स

बांग्वेउलू तळ्याच्या धक्क्यावर मुतिंता बेटाकडे जाणाऱ्या होडीची वाट बघत बसली होती. शेजारी बेटावरच्या दोन कोळणी रिकाम्या टोपल्यांवर बसून बोलत होत्या.

"चोला, आपल्या दवाखान्यात नवी नर्स येतेय म्हणे."

"येऊ दे. टिकली म्हणजे मिळवली."

"आधीची का गं गेली?"

"एकटीनं किती ओढायचं? दिवसभर तपासण्या, रात्री बाळंतपणं. नवरा मास्तर, त्याची बदली पार दुसऱ्या टोकाला. शेवटी तीच तापानं फणफणली, तर तिला बघायला कोणी नाही."

"राहायला घर होतं की!"

"छप्पर गळतंय, दाराला कडी नाही. तू राहशील?"

"ते सरकारनं बघायचं."

"सरकार येतंय का तिथं झोपायला? माझ्या सुनेचे दिवस भरलेत, बिसा, आणि दवाखान्याला कुलूप आहे."

मुतिंतानं मागं वळून पाहिलं. परतीची बस अजून उभी होती.

"पोरी, तू कुणाकडे निघालीस?" चोलानं विचारलं.

मुतिंतानं आपली पेटी जवळ ओढली. "दवाखान्यात. मीच ती नर्स."

बिसानं जीभ चावली. चोला मात्र उठली. "ऐकलंस ते सगळं खरं आहे. छप्पर नीट होईस्तोवर माझ्या घरी राहा. आणि जोडीला दुसरी नर्स मागायला जिल्ह्याला आम्ही सगळ्या बायका जाऊ. तुला एकटीला नाही पाठवणार."

होडी लागली. चोलानं तिची पेटी उचलायला हात घातला.

"मावशी, जड आहे ती," मुतिंता म्हणाली. "एक बाजू मी धरते."