वरचे चोवीस

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील वरिष्ठ डॉक्टर मंडळी, आज निवृत्त होणारे आपले सत्कारमूर्ती मास्तर, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या वहिनी, आणि चहाकडे डोळे लावून माझं ऐकणाऱ्या सहकाऱ्यांनो,

एक्स-रे विभागाच्या रेकॉर्ड रूममध्ये मी आणि मास्तर एकोणीस वर्षं एका टेबलावर बसलो. मास्तर हे नाव आपणच ठेवलेलं, कारण ते येता-जाता सगळ्यांच्या चुका काढतात. वहिनी हसताहेत, म्हणजे घरीही तेच चालत असणार.

आमचं भांडण एकच. किलोबाइट म्हणजे किती बाइट? मी शिकले तेव्हापासून एक हजार चोवीस. मास्तर म्हणायचे, "किलो म्हणजे हजार. वरचे चोवीस हवेत, तर किबिबाइट म्हणा." किबि, गिबि, टेबि! आता तुम्हीच सांगा, पन्नाशीच्या बाईनं असली बोबडी नावं घ्यायची?

"चोवीसानं असं काय बिघडतं हो?" मी विचारायची.

"पायरीपायरीनं वाढतं ते, बाई. किलो, मेगा, गिगा करत टेराला पोचेपर्यंत फरक दहा टक्के होतो."

मी कशाला ऐकते!

पाच वर्षांपूर्वी जुनं मशीन मोडीत काढायचं ठरलं. त्यातले सगळे एक्स-रे नव्या डिस्कवर घ्यायचे होते. मशीन दाखवत होतं तीन पूर्णांक आठ टेराबाइट, डिस्कच्या खोक्यावर छापलं होतं चार. मी डिस्क मागवली. विभागाच्या बैठकीत मास्तर उठून म्हणाले, "मावणार नाही. मशीन एक हजार चोवीसनं मोजतं, खोकं हजारानं." मी सगळ्यांदेखत म्हणाले, "मास्तर, तुमचं किबि-टेबि नातवंडांसाठी ठेवा." सगळे हसले. मास्तर खाली बसले.

शनिवारी कॉपी लावून मी घरी गेले. सोमवारी पडद्यावर काही तक्रार नव्हती. 'सगळं उतरलं' म्हणून मी सही केली, आणि जुनं मशीन पुसून भंगारात गेलं.

गेल्या वर्षी आपल्या लिफ्टवाल्या दादांच्या छातीत डाग दिसला. ते बघा, तिसऱ्या रांगेत बसलेत. डॉक्टरांनी जुना एक्स-रे मागितला. डाग तेव्हापासूनचा असेल तर काळजी नाही, नवा असेल तर ऑपरेशन. मी डिस्क उघडली, तर त्यावर ते अख्खं वर्षच नव्हतं. दादा दारातच उभे होते.

मास्तरांनी खण उघडला आणि एक छोटी डिस्क पुढे केली. वर त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'न मावलेलं'. त्या रविवारी ते एकटे येऊन, पडद्यावरची 'जागा संपली' ही पाटी मिटवून, उरलेलं सगळं स्वतःच्या डिस्कवर घेऊन गेले होते. दादांचा डाग जुनाच निघाला.

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं असतं, तर तुम्ही वाद घातला असतात. सोमवारी मशीन भंगारात जाणार होतं."

"आणि नंतर?"

"नंतर तुमची सही झाली होती."

मंडळी, त्यांना मी भरबैठकीत हसण्यावारी नेलं आणि माफी मात्र टेबलापाशी हळूच मागितली. हे काही बरोबर झालं नाही. म्हणून मास्तर, आज सगळ्यांसमोर सांगते, चूक माझी होती. यापुढे आपल्या डिस्कवर दोन्ही मापं लिहिली जातील. टेबिबाइट म्हणताना मला अजून हसू येतं, पण म्हणेन.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, आपण शांतपणे ऐकलंत, मी ऋणी आहे. चुकलंमाकलं पोटात घाला. आणि काही राहून गेलं असेल तर सांभाळून घ्या. इतकी वर्षं माझं राहिलेलं मास्तर सांभाळत होते, उद्यापासून ती खुर्ची रिकामी आहे.