वरून येणाऱ्यानं सांभाळायचं

न्हाई हो, उठू नका, बसा त्या बाजंवर — अंगणात हळद वाळून राहिली म्हून जागा न्हाई, पाय जरा सांभाळून ठेवा, बास. च्या घ्या. साखर कमी हाय का? आमच्या विश्वंभरला तर नुसता पाक लागायचा. तुमी पुण्याहून निघाले, वसमतला उतरून पुन्हा शिरडची बस धरली — कोण करतं हो एवढं, ना नात्याचं ना गोत्याचं? त्याच्या फौजेतल्या साहेबांनी तवाच फोनवर सांगितलं व्हतं, पुण्याचं एक पोरगं शेवटपर्यंत त्याच्यापाशी बसून व्हतं, हात हातात घेऊन. साल झालं. रोज म्हणते, त्या लेकराचं तोंड एकदा पाहावं. माझ्या लेकाचा हात शेवटी त्यानं धरला, मला न्हाई धरता आला. रडू नका. तुमी रडले तर मला आवरत न्हाई.

व्हय, तिथलं मला समदं ठाऊक हाय. तुमाला वाटंल, या बाईनं बर्फ पाह्यला तो गोळेवाल्याच्या गाडीवर — बराबर हाय, तेवढाच पाह्यला. पण पोरगं फौजेत गेलं, तिकडं काश्मीरात पायाला त्या लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरायला शिकलं, आन् मंग दर इतवारी फोनवर तेच गाणं. सुट्टी मिळाली की डोंगरावर. म्या म्हणलं, आरं तिथं कोण पोलीस असतो का हात दाखवायला? म्हणे, न्हाई माय, पोलीस नसतो, पण घसरायचे नेम हाईत, समदे पाळतात. वरून येणाऱ्यानं खालच्याला सांभाळायचं, खालच्याच्या पाठीला काय डोळे नसतात. आपण विहिरीत उडी टाकायच्या आधी न्हाई का पाहात, खाली कोण पोहून राहिलं — तसंच म्हणे. आन् मधातच थांबायचं न्हाई, दम खायचा तर कडंला जाऊन. उंचवट्याच्या मागं तर मुळीच थांबायचं न्हाई, वरच्याला दिसत न्हाई ना. कोणी पडलं तर त्याच्या वरच्या अंगाला दोन पट्ट्यांची फुली रोवायची, म्हंजे बाकीचे वळसा घालून जातात. तुमी रोवली व्हती म्हणे फुली. साहेब बोलले. लई चांगलं केलं.

एक इचारू? तो झाडावर जाऊन आदळला कसा? साहेब म्हणले, तोल गेला. त्याचा तोल? खांद्यावर हळदीचं पोतं घेऊन शेताच्या धुऱ्यावरून पळायचा तो, चिखलातून. कोणाला इचारावं? त्याचे वडील तर बोलतच न्हाईत आता, शेतात हळद शिजवायच्या कढईपाशी जाऊन बसतात, सांजंला येतात, गुमान जेवतात. तुमी तिथंच व्हते, तुमी पाह्यलं असंल. सांगा की. खाली उभे व्हते? कुठं खाली? — उंचवट्याच्या मागं. काहून? — फोटो. बरं. फोटो काढून राहिले व्हते तुमी.

थांबा, जरा थांबा. तो वरून आला — ओरडला का? ओरडलाच असंल, त्याचा आवाज या शेतातून त्या शेतात जायचा. तुमी हल्ले न्हाई. घाबरले असाल, माणूस गोठून जातं, खरं हाय. आन् मंग त्यानं वळवलं. झाडाकडं वळवलं. म्हंजे तोल न्हाई गेला. म्या सांगतच व्हते समद्यायला, त्याचा तोल जात नसतो.

बराबर वागलं माझं लेकरू. वरच्यानं खालच्याला सांभाळायचं, सांभाळलं. पण काहून वागलं बराबर? तू न्हाई पाळलं, मंग त्यानंच काहून पाळायचं? आदळला असता तुझ्यावर — तुझा पाय मोडला असता, त्याचा हात मोडला असता, दोघं दवाखान्यात पडले असते शेजारी शेजारी, मी आले असते तिकडं, दोघायला बी भरवलं असतं. फार तर — फार तर तू गेला असता. हे तुझ्या तोंडावर बोलून राहिले मी. तुला बी माय असंल, ती वाट पाहात असंल, तरी बोलून राहिले. साल झालं देवाला इचारून राहिले, माझाच काहून, आन् आज समजलं कोणाच्या बदली.

पायाला हात नको लावू. सोड. माफी मागू नको, माझ्यापाशी न्हाई ती. खोटं बोलला असता, तोल गेला म्हणला असता, तर पोटभर जेवू घातलं असतं तुला. पिठलं टाकलंच हाय — घे, दोन भाकरी बांधून देते, उपाशी नको जाऊ या घरातून. आन् त्याचे वडील शेतातून यायच्या आत नीघ. ते काही रागावणार न्हाईत. समदं ऐकून घेतील आन् तुला पोटाशी धरतील, माझ्या पोरानं वाचवलेलं पोरगं म्हणतील — ते मला पाहवायचं न्हाई. फाट्यावर हात कर, बस थांबते. जा बाबा. मागं वळून पाहू नको, जा.