अनवाणी फिरलेला शिवप्पा

मला सगळं नीट आठवतंय याची खात्री नाही, पण घडलं ते असं. मुखेडजवळ एका शेतात पाणी सोडून गाड्यांची चिखलातली स्पर्धा ठेवली होती. मी निवृत्त प्राध्यापक, म्हणून परीक्षक. पुण्याहून खास याच कामासाठी बांधलेली गाडी आली होती, चाकं छातीइतकी उंच. तोवरच्या गाड्यांत ती सगळ्यांत लांब गेली आणि काळ्या मातीत रुतली. मग उदगीरचा शिवप्पा जुनी जीप घेऊन उतरला आणि आडवातिडवा वळत पार झाला.

मला लगेच शंका आली. सकाळी तो त्याच चिखलात अनवाणी फिरताना दिसला होता.

"काय करत होतास रे तिथं?"

"पायानं रस्ता बघत होतो, सर."

"पायाला दिसतं?"

"तुमच्या चष्म्यापेक्षा लई बरं दिसतंय."

लोक हसले. माझा संशय आणखी वाढला. त्याच्या चाकोरीत खणायला लावलं, तर वीतभर खाली कडक मुरूम.

"हा तूच आणून टाकलास!"

"आईशप्पथ न्हाई, सर. मुरूम हितलाच हाय."

मी त्याला बाद केलं. विजेत्याची ढाल पुण्याला गेली.

काही वर्षांनी तिथून रस्त्यासाठी चर खणला, तेव्हा मी मुद्दाम बघायला गेलो. मुरमाचा तो पट्टा पुढच्या तीन शेतांखालून जाऊन ओढ्याला मिळत होता.