कोंडूची हळद

किशोर: हे पिवळं कशाचं रे?

धनेश: कुठं?

किशोर: कोंडूच्या गालावर. ह्या बाजूला पण हाय. पार कानापर्यंत गेलंय.

धनेश: ऊन लागलं असेल. तू तापानं पडलेला, म्हणून पेटी मी घरी आणली. दोघा बाहुल्यांना दोन दिवस अंगणात ठेवलं होतं. कपड्यांना कसर लागते ना.

किशोर: उनानं पांगाऱ्याचं लाकूड काळवंडतं, धन्या. पिवळं नाय होत. बावीस वर्षांमागं हे तोंड मी कोरलंय, मला नको शिकवू.

धनेश: बरं बाबा, नाय शिकवत. पाणी घे आधी. तापातून उठून शेणव्यावरनं इथवर दोन एसट्या बदलून आलास, आल्या आल्या पेटीच उघडलीस.

किशोर: वास घे ह्याचा.

धनेश: काय?

किशोर: नाकाशी धर आन वास घे. हळद हाय ही.

धनेश: थांब, चहा टाकायला सांगतो.

किशोर: बोल ना. शाळा-शाळांतून दीड-दीड तास बोलतोस, आता काय झालं?

धनेश: तुला सांगणारच होतो मी. म्हशाच्या जत्रेत खेळ केला.

किशोर: तू तर बोललास, यंदाची जत्रा सोडून देऊ. "तू बरा हो, जत्रा काय पळून जाते?" असं बोललास. आन मी गोधडीत पडून वैनीला, भावाला, येईल त्याला सांगतोय, बघा, माझ्याबिगर खेळ लावत नाय धनेश.

धनेश: अरे, तू उभा राहू शकत नव्हतास. सलाइन लागलेलं.

किशोर: खेळ कुठला केलास?

धनेश: नवीन बसवला.

किशोर: कुठला?

धनेश: कोंडूचं लग्न.

किशोर: …कोणाशी?

धनेश: एक बाहुली केली. चिमी. कापडाचं तोंड आहे, तुझ्यासारखं लाकूड मला कुठं जमतंय. लोक काय हसले म्हणून सांगू! धवलेरीण बोलावली होती खरीखुरी, तिनं लग्नाची गाणी म्हटली. बायका तर उठून नाचल्या. किशोर, बावीस वर्षांत एवढी गर्दी झाली नव्हती आपल्या पडद्यापुढं.

किशोर: कोंडू आन नामा एका खोपटात राहतात.

धनेश: मला माहीत नाय काय?

किशोर: एका खोपटात राहतात, नाचणी लावतात, भांडी कोणी घासायची त्याच्यावरनं भांडतात. शेवटाला एका चटईवर झोपतात आन पोरं ओरडतात, "झोपा रे दोघं!" एवढाच खेळ हाय तो. एवढ्यावर दोन तालुक्यांतली पोरं वाढली. एका पोरानं कवा विचारलं, ह्यांच्या बायका कुठायत म्हणून?

धनेश: पोरं नाय विचारत. मोठे विचारतात. दिवाळीत कोणीतरी खेळाचा शेवट मोबाईलवर टाकला. खाली लोकांनी काय काय लिहिलं! दोन बाप्ये, एक चटई, शाळेत हे काय दाखवता. माझ्या मेहुण्यानं, सारिकाच्या भावानं, सगळ्यांसमोर वाचून दाखवलं मला, हसत हसत. माझ्याकडं बघून हसत होता रे. आणि आपल्या भाविकाचं लग्न जमलंय. आदेशच्या घरचे म्हशाला येणार होते खेळ बघायला. बापाच्या जागी उभं राहून विचार कर जरा.

किशोर: मी बाप झालो नाय, ते तुला चांगलं माहीत हाय. का झालो नाय तेही.

धनेश: हळू बोल. सारिका आत आहे.

किशोर: तू डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होतीस. ह्या दोघांच्या डोक्यावर.

धनेश: पोरवयात घेतलेली.

किशोर: पंचविशीतला होतास, पोर नव्हतास. तुझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी, ह्याच अंगणात, मांडवाच्या मागं. मी बोललो, जा, कर लग्न, मी आडवा येत नाय. फक्त ह्या दोघांचं कवा मोडू नको. एवढं एक माझ्याकडं राहू दे. दुसरं काय मागितलं मी तुझ्याकडं, धन्या? आठव बरं. बावीस वर्षांत एक गोष्ट सांग.

धनेश: नाय मागितलंस.

किशोर: हळद कोणी लावली कोंडूला?

धनेश: कोणी म्हणजे? खेळात लावली.

किशोर: तू एकटा होतास पडद्यामागं. हात दोनच. एका हातात कोंडू. दुसऱ्या हातात कोण होता?

धनेश: सोड ना आता.

किशोर: नामा दे इकडं. त्या फडक्यात गुंडाळलाय तो. दे.

धनेश: किशोर, ऐक…

किशोर: तळवे बघ ह्याचे. दोन्ही तळवे पिवळे.

धनेश: दोस्तानं लावायची असते, म्हणून… लोकांना ते आवडलं रे. नामा नाचत नाचत येतो, कोंडूला हळद लावतो…

किशोर: आन मग?

धनेश: मग नामा बाहेर जातो. चिमी येते.

किशोर: त्याच हातावर.

धनेश: हो. त्याच हातावर.

किशोर: मी लावली होती तुला. पहिला हात माझा लावायचा हट्ट तूच धरलास, सगळ्या करवल्या खोळंबल्या होत्या. मी गालाला लावली, कानामागं लावली आन हसलो, कारण फोटो काढत होते. घरी गेलो तर तळव्यांचा रंग आठ दिवस जाईना. माझी ती गोष्ट मी भावालासुदिक सांगितली नाय. आन तू तिच्यावर जत्रेत टाळ्या घेतल्यास.

धनेश: माझ्या ते ध्यानातच आलं नाय. देवाशपथ.

किशोर: शपथ नको घेऊ. तुझ्या तोंडी ती शोभत नाय आता.

भाविका: किशोरकाका, चहा घ्या. आणि बाबा, तुम्ही दोघं बोलताय ते आत सगळं ऐकू येतंय, आधीच सांगते.

धनेश: तू आत जा. मोठ्यांचं चाललंय.

भाविका: माझ्या लग्नाचं नाव घेऊन चाललंय ना? मग मी ऐकणार. तुम्ही काकांना सांगितलं, आदेशच्या घरच्यांसाठी केलं?

धनेश: त्यांनी विचारलं होतं.

भाविका: कधी? काय विचारलं?

धनेश: बघायला आले तेव्हाच. आदेश म्हणाला, कोंडू-नामाचं नक्की काय आहे, काका?

भाविका: आणि तुम्ही घाम पुसत विषय बदललात. बाबा, त्यानं माझ्याशी पहिल्यांदा फोनवर बोलताना हेच विचारलं होतं. कारण तो शेणव्याच्या आश्रमशाळेत शिकला, दरवर्षी तुमचा खेळ बघायचा. त्याचा मामेभाऊ गे आहे, ठाण्याला राहतो. त्या मुलाला लहानपणी फक्त कोंडू-नामा बघून बरं वाटायचं, असं सांगत होता आदेश. त्याला थँक्यू म्हणायचं होतं तुम्हाला. तो मामेभाऊ म्हशाला आला होता, माहितीये? मुद्दाम सुट्टी टाकून. अर्ध्यातून उठून गेला.

धनेश: मला कोणी सांगितलं नाय हे.

भाविका: तुम्ही विचारलंत कोणाला? आईनं चिमीचे डोळे भरायला नाय म्हटलं तेव्हा तरी विचारायचं.

किशोर: सारिकावैनी नाय बोलली?

भाविका: सुई खाली ठेवली तिनं. म्हणाली, एक बाई अशीच बसवलीय ह्या घरात, आता दुसरी कशाला? म्हणून बाबांनी स्केचपेननं काढले डोळे.

धनेश: भाविका, पुरे.

भाविका: जाते मी. काका, एकच सांगते. खेळ संपला तेव्हा पुढं बसलेली एक बारकी पोरगी ओरडली, "नामा कुठं झोपणार?" मग सगळी पोरं तेच ओरडायला लागली. बाबांनी पडदा पाडला. चहा गार होतोय.

धनेश: तिचं ते वयच आहे फटकळ बोलायचं.

किशोर: खरं ना ते? पोरं ओरडली?

धनेश: ओरडली.

किशोर: मग काय सांगितलंस?

धनेश: काय सांगणार? काय नाय सांगितलं.

किशोर: मला वाटलं होतं, लोकांना भिऊन केलंस. त्याचा मी राग नसता केला. भीती मलाही वाटते रे. रोज वाटते. आपल्यासारख्यांना काय म्हणतात तो शब्दसुदिक मला चाळिशीत कळला, भावाच्या पोराच्या मोबाईलवर. पण आदेशच्या घरचं तर तुला कोणी काय बोललंच नव्हतं. कोणी दार वाजवायच्या आधीच तू आम्हाला बाहेर काढलंस.

धनेश: आम्हाला?

किशोर: नामाला. मला. काय फरक हाय?

धनेश: मी काय करू ते सांग. चिमी जाळून टाकू? आत्ता टाकतो.

किशोर: तिनं काय केलंय बिचारीनं? हात पुढं कर.

(तो धनेशच्या हातात कोंडू चढवतो आणि आपल्या हातात नामा घालतो.)

नामा: काय नवरदेव? ओळखता का?

कोंडू: किशोर, हे नको ना…

नामा: किशोर कोण? मागच्या पोरांना ऐकू येत नाय. मोठ्यानं बोल, कोंड्या.

कोंडू: नामा, माझं चुकलं.

नामा: ते गालावर दिसतंय. का केलंस ते सांग.

कोंडू: भ्यालो.

नामा: कोणाला?

कोंडू: सगळ्यांना. आईला भ्यालो, भावकीला भ्यालो, आता व्याह्यांना. सगळ्यात जास्ती तुला. तू माझ्याकडं बघतोस ना, तवा मला वाटतं सगळ्या गावाला दिसतंय.

नामा: आन खोपटात? तिथं कोण बघत होतं?

कोंडू: खोपटात नाय भ्यालो कधी. तेवढीच एक जागा होती, जिथं मी खरा होतो.

नामा: तीच मोडलीस.

कोंडू: हो. तीच मोडली.

नामा: जीव होता का रे माझ्यावर?

कोंडू: होता. अजून आहे. चटई टाकतो ना, तेव्हा दर खेळाला वाटतं, पडदा पडूच नये.

किशोर: कोंडू काढ हातातनं.

धनेश: का?

किशोर: काढ. खाली ठेव. आन आता हेच परत बोल. धनेशनं बोल. मी ऐकतोय. घाई नाय मला. बावीस वर्षं थांबलोय.

धनेश: किशोर…

किशोर: हां.

धनेश: …जेवून जा. सारिकानं तांदळाच्या भाकऱ्या केल्यात. सुकट आहे.

किशोर: नको. चारची एसटी चुकेल.

धनेश: नामाला घेऊन चाललास?

किशोर: माझा हाय तो.

धनेश: मग पुढच्या आठवड्यात शाळेतल्या खेळाला कसं करायचं?

किशोर: तुझं लग्न झालंय. तुमच्या दोघांचा खेळ कर.

धनेश: भाविकाच्या हळदीला येशील ना? तिच्यासाठी तरी. वैशाखात आहे.

किशोर: येईन की. पोर माझ्या मांडीवर वाढलीय, न येऊन कसं चालेल? मांडवात बसेन, पंगतीला वाढायला उभा राहीन. फक्त हळदीची वाटी माझ्यापाशी आली की पुढं सरकव.